गिरणीच्या जागेवरचं घर



गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या नव्या घराचा गृहप्रवेश झाला. घर मुंबईत, परळ भागात, एकतिसाव्या मजल्यावर. आम्ही पौडहून पहाटेच गाडी काढली. जाताना मी पितळेचा तांब्या आणि पाणी गाळायचं नवं गाळणं नेलं. आपल्याकडे मुलीच्या संसाराला दुसरं काय द्यायचं! जाप झाला, भक्तामर झालं, सूर्यास्ताच्या आत जेवणंही उरकली. हात धुऊन मी खिडकीशी उभी राहिले, तर खाली काचेच्या इमारतींच्या गर्दीत एक विटांची उंच चिमणी एकटीच उभी होती.

“मावशी, ती गिरणीची चिमणी,” भाची म्हणाली. “आपला टॉवरसुद्धा गिरणीच्याच जागेवर आहे.”

मला गंमत वाटली. घरी आल्यावर भाजी घेऊन येणाऱ्या आजींना कौतुकाने सगळं सांगितलं. ऐंशीच्या पुढच्या आजी, धरणाकडच्या गावातल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “शेटाणी, माझा मालक त्याच भागात साच्यावर होता. अन् आमचं मूळ गाव त्या गिरन्यांपायीच पान्यात गेलं. सासरा सांगायचा, मंबईला वीज पायजे म्हनून आमाला उठिवलं.”

मी पौडला नांदायला आले त्याला तीस वर्षं होतील. मुळशीचं धरण कितीदा पाहिलं, पाहुण्यांना दाखवलं, पावसाळ्यात तिथे कणीस खाल्लं. पण भाचीच्या खिडकीतली ती चिमणी आणि आमचं धरण यांचं नातं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग जे मिळालं ते वाचलं, जुन्या माणसांना विचारलं. आज ते तुम्हाला सांगते. गोष्ट घरांचीच आहे, म्हणजे आपलीच.

सुरुवात कापसापासून करू. मुंबईतली पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या व्यापारात सर्वांत मोठं नाव आपल्याच धर्मातलं, प्रेमचंद रायचंद शेठ. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्यांचंही दिवाळं निघालं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तो त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने. माऊलींची दृष्टी गेली होती. घड्याळाचे टोले ऐकून सूर्यास्ताच्या आत जेवता यावं म्हणून तो मनोरा बांधला, असं आपल्या घरांतून सांगतात. मुंबईच्या कापसाचा पैसा आपल्या लोकांपासून लांब नव्हता, एवढंच मला म्हणायचंय.

भाव कोसळले तरी गिरण्या वाढतच गेल्या. विसाव्या शतकात त्यांची संख्या ऐंशीच्या वर होती. परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी या भागाचं नावच गिरणगाव पडलं. कामगार कोकणातून आले, तसे आपल्या घाटावरूनही आले. सकाळी भोंगा झाला की चाळीच्या चाळी जाग्या व्हायच्या. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष, आणि तेही पाळीने झोपणारे: एक कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागेवर दुसऱ्याची वळकटी.

बायकाही गिरणीत होत्या. १९२० च्या सुमारास कामगारांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायकांचा होता. सूत गुंडाळण्याचं आणि लडी करण्याचं काम त्यांच्याकडे असे. रविवारची सुट्टी आपण इतकी गृहीत धरतो, पण गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. त्यासाठी भरलेल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषण केलं होतं. त्या काळात हजारोंच्या सभेत बोलायचं म्हणजे किती धीर लागला असेल! १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. पण रजा द्यावी लागते म्हणून मालक बायकांना कामावर घ्यायला का-कू करू लागले. हळूहळू गिरणीतल्या बायका कमी होत गेल्या आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणी चुलीकडे वळल्या. एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी घरातच खानावळ चालवायची, पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, म्हणजे बँकेचं कर्ज मिळेल आणि सावकाराचं तोंड बघावं लागणार नाही.

आता आमच्या मुळशीकडे येते.

गिरण्या सुरुवातीला वाफेवर चालत. लांबून कोळसा आणायचा, तो महाग पडायचा, धुराने आकाश काळं व्हायचं. सह्याद्रीवर एवढा पाऊस पडतो, तो अडवून कोकणाच्या उतारावरून सोडला तर वीज होईल, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले. काम पुढच्या पिढीने केलं. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या एकेक करून विजेवर आल्या. वीज कमी पडू लागली तसं दुसरं धरण झालं. तिसरं ठरलं ते मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, म्हणजे आमच्या मुळशीला.

इथलं पाणी खरं तर पूर्वेला वाहतं, पुण्याकडे. ते धरणात अडवून बोगद्यातून डोंगराच्या पश्चिमेला न्यायचं, कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडायचं आणि तिथली वीज तारांवरून मुंबईला पोचवायची, अशी योजना होती. नद्यांची खोरी भातशेतीची, आंबेमोहोर पिकवणारी. पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती. जमीन घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. खासगी कंपनीसाठी सरकार आमच्या जमिनी का घेतं, हा मावळ्यांचा प्रश्न होता. तो आजही कितीतरी ठिकाणी विचारला जातो.

१६ एप्रिल १९२१ ला रामनवमी होती. त्या दिवशी शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. आदल्या पिढ्यांत तलवार गाजवलेली ही माणसं, पण हात उचलायचा नाही असं ठरवून आली होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. रामनवमीनंतर चार दिवसांनी आपली महावीर जयंती येते, हे मी पंचांग काढून पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला. अहिंसेवर आपण प्रवचनं ऐकतो. इथे न शिकलेली शेतकरी माणसं बायका-मुलांसह ती करून दाखवत होती. पुण्याहून विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे कार्यकर्ते आले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. पण सत्याग्रह लांबला, तुरुंगवास वाढले, माणसं थकली. शेवटी १९२४ मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून कामाची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

मैत्रिणींनो, लढा का फसला याची एक बाजू वाचताना मला पान उलटवेना. मावळातल्या बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्या नावावर होत्या. कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा. कसणाऱ्याला जमीन हवी होती. कागदावरच्या मालकाला नुकसानभरपाईचे पैसे चालत होते, कारण तो तिथे राहत नव्हता आणि त्याच्या अंगणातली तुळस बुडणार नव्हती. असे कितीतरी सावकार भरपाई घ्यायला तयार झाले आणि कसणाऱ्यांच्या पायाखालचं बळच गेलं.

तिथले बरेच सावकार पुण्यातले होते, आणि सगळे काही आपल्या समाजाचे नव्हते. पण हात झटकायला मला जमेना. पुणे जिल्ह्यातच सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन कर्जाचे कागद जाळले होते, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. आमच्याही घरात माळ्यावर आजेसासऱ्यांच्या लाल कापडाच्या वह्या आहेत. दिवाळीला त्यांना कुंकू लागतं, उघडत कोणी नाही. यंदा मी एक उघडली. मोडी मला वाचता येत नाही. सासूबाईंना थोडी येते, त्यांनी एका पानावर बोट ठेवलं आणि दोन गावांची नावं वाचली. आज ती गावं तलावात आहेत. पुढचं त्यांनी वाचलं नाही, मीही विचारलं नाही. वही परत बांधून ठेवली.

आता पुन्हा मुंबईत जाऊ.

आजींचे मालक १९६५ च्या आसपास गिरणीला लागले. आधी बदली कामगार, रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम. पुढे कायम झाले. ते मुंबईत, आजी मुलांना घेऊन इकडे गावात, वर्षातून दोनदा भेट. शेजारच्या गावचे कितीतरी जण तिकडे डबे पोचवायचं काम करत. मुंबईचे डबेवाले मुळशी, मावळ, खेड, जुन्नर याच पट्ट्यातले, हे तुम्हाला माहीत असेल. लग्नानंतर माझी बहीण मुंबईत कांदा-लसणाशिवायचा डबा ज्यांच्या भरवशावर ऑफिसात पाठवायची, ते याच पट्ट्यातले.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण खूप थोड्या माणसांना घेऊन. बाकीच्यांनी भाजी विकली, रखवालदारी केली किंवा गाव गाठलं. आजींचे मालक एक पत्र्याची पेटी घेऊन परत आले. “दोन वरीस पेटी उघडलीच न्हाई,” आजी सांगतात. “म्हनायचे, भोंगा होईल, जायचं हाय.”

गिरण्यांचं पुढे काय झालं? यंत्रं भंगारात गेली, उरली ती जमीन, आणि मुंबईत जमिनीसारखं सोनं नाही. १९९१ मध्ये सरकारने नियम केला. तो आपल्या घरातल्या वाटणीसारखा समजून घ्या. गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे साधारण तीन वाटे करायचे: एक शहराला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी राहिली, पण फक्त मोकळ्या जागेची. ज्या जागेवर इमारती होत्या ती वाटणीतून वगळली. म्हणजे वाडा मोठ्या भावाकडे ठेवायचा आणि अंगणाचे तीन तुकडे करायचे, तसं. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली, त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला फार थोडं आलं. पर्यावरणवादी मंडळी कोर्टात गेली, उच्च न्यायालयात जिंकली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम कायम केला. त्यानंतर गिरणगावात मनोरे किती झपाट्याने उगवले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

इतर देशांत जुन्या गिरण्या अशा पाडल्याच असं नाही. कापडाची राजधानी असलेल्या मँचेस्टरमध्ये १७९८ पासून बांधलेल्या मरे बंधूंच्या गिरण्या आहेत. त्याच भिंती, तेच लोखंडी खांब, त्याच मोठ्या खिडक्या ठेवून आत घरं केली आहेत. अमेरिकेत लोवेल गावी एका जुन्या कापड गिरणीत घरंही आहेत आणि संग्रहालयही; तिथे साचे चालवून दाखवतात, त्याच्या आवाजात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही म्हणे. आपल्याकडे विणकामाच्या शेड बैठ्या, करवतीच्या दातांसारख्या छपरांच्या; त्यात घरं करायची तर मजले चढणार नाहीत, आणि इतक्या महाग जमिनीवर बैठं घर कोण ठेवणार? म्हणून भिंती गेल्या, चिमण्या तेवढ्या कुठे कुठे राहिल्या. भाचीच्या मुलाला उद्या कोणी विचारलं, इथे काय होतं, तर तो बोट दाखवणार कशाकडे? त्या एका चिमणीकडेच.

कामगारांनी मात्र सोडलं नाही. आमच्या घामावर गिरणी उभी राहिली, तिच्या जमिनीवर आम्हालाही घर द्या, म्हणून ते वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. त्यातून म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची. त्यातली ५४४ श्रीनिवास मिलच्या जागेवरची. त्याच मिलच्या जमिनीवर देशातल्या सर्वांत उंच निवासी मनोऱ्यांपैकी एक उभा आहे. कामगारांचं घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. आता हिशेब तुम्हीच करा.

आपल्या बारा व्रतांतलं परिग्रह परिमाण आपण सगळ्या जाणतो. कशाकशाची मर्यादा करायची, त्या यादीत पहिली दोन नावं आहेत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर. दागिने आणि धान्य त्याच्यानंतर येतात. लहानपणी पाठशाळेत हे घोकताना मला वाटायचं, शेत-घर पहिलं का? आता वाटतं, माणसाचं दुसरं काहीही गेलं तरी तो उभा राहतो. शेत आणि घर गेलं की पिढ्या भरकटतात. आजींच्या कुटुंबाचं आधी शेत गेलं, मग घर गेलं, मग त्या शेताच्या पाण्यावर चालणारी नोकरी गेली. आणि ज्या जमिनीवर नोकरी होती तिथे आज आमच्या भाचीचा देवघराचा कोनाडा आहे.

भाचीने काही चूक केली का? नाही. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर आहे. ते घर त्यांनी कष्टानेच घेतलं. पण आपलं घर कोणाच्या पायऱ्या चढून इथवर आलं, हे ठाऊक असावं. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, आजींकडे गिरणीचे कागद आहेत का?”

आणि खरंच, मला हे सुचलंच नव्हतं! १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेल्या कामगाराला, आणि तो हयात नसेल तर वारसांना अर्ज करता येत होता. दुसऱ्या दिवशी आजी तीच पत्र्याची पेटी घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. आत एक धोतर, विठोबाची तसबीर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गिरणीचा पास, दवाखान्याचं ईएसआय कार्ड, फंडाची एक पावती. पासावर तिकीट नंबर होता आणि तरुण माणसाचा फोटो. आजींनी फोटो पदराने पुसला. त्यांनी अर्ज पूर्वीच भरला होता, पण कागद जोडायचे राहिले होते. म्हाडाने ते ऑनलाइन मागवले, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मुलाने दुकानातल्या संगणकावर बसून सगळे कागद चढवले. पावतीची प्रत आजींनी घडी घालून त्याच पिशवीत ठेवली. अजून सोडतीत नाव नाही. कधी येईल, येईल की नाही, मी सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्याकडे धुणं-भांड्यांना, भाजी-दुधाला येणाऱ्या ज्या ताई-आजी असतील, त्यांना एकदा विचारा: घरात कोणी गिरणीत होतं का? असेल तर पास, तिकीट नंबर, ईएसआय कार्ड, फंडाचा कागद, पगाराची पावती, जे काही असेल ते जपून ठेवायला सांगा. अर्ज भरलाय का, कागद पोचलेत का, तेही बघायला सांगा. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागदही लागतात. आपल्याला यात अर्धा तास जातो. त्यांना कचेरीच्या चार खेपा पडतात.

आणि माळ्यावरची ती लाल वही? येत्या पर्युषणात सासूबाईंजवळ बसून ती पूर्ण वाचून घ्यायची, असं मी ठरवलंय. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचं, तर निदान कोणाला म्हणायचं ती नावं तरी माहीत हवीत.

जय जिनेंद्र.